'पीआर गॅरंटीड': सोनं गहाण टाकायच्या आधी एवढं वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थीसाठी गावी आलोय. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं घर, मी शेफ आहे, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात काम करतो, आधी ४८२ नंबरच्या टेम्पररी वर्क व्हिसावर होतो आणि यंदा मालकाच्या नॉमिनेशनवरून, म्हणजे मालकाने सरकारकडे माझं नाव पुढे केल्यावर, १८६ नंबरचा व्हिसा लागला, म्हणजे पीआर, तिथे कायम राहायची परवानगी, झाली. ही बातमी वाडीत माझ्या आधी पोचली होती, त्यामुळे आरतीला ज्या घरी जातोय तिथे प्रसाद हातावर पडायच्या आधी प्रश्न येतो, "काय रे, थंय पक्को झालंस मां? माझ्या झिलाचा पण कायतरी बघ." मी सगळ्यांना बसून सांगतो, पण एका माणसाने किती घरं फिरायची, आणि परवा एक कागद बघितला तेव्हा ठरवलं की पेपरातच लिहूया.

बाजूच्या वाडीतला एक मुलगा मोबाईलमध्ये ऑफर लेटर घेऊन आला होता. गोव्यात हॉटेलात कामाला आहे, हात चांगला आहे, मी त्याचं जेवण खाल्लंय. लेटरवर कांगारूचं चित्र, खाली रेस्टॉरंटचं नाव, पत्त्यात फक्त शहर, रस्ता नाही, नंबर नाही. पगार लिहिला होता महिना ५,५०० डॉलर. आणि शेवटी ठळक अक्षरात, व्हिसा कॅटेगरी "४८२ पीआर", दोन वर्षांत पीआर गॅरंटीड. एजंटने दहा लाखांच्या वरचा आकडा सांगितलाय, अर्धे आधी, अर्धे व्हिसा आल्यावर, आणि बापाने आवशीचं सोनं बँकेत ठेवायची तयारी केली होती, उरलेल्यासाठी काजूची बाग.

आता हे बघा. ४८२ पीआर नावाचा कुठलाच व्हिसा नाही. ४८२ टेम्पररी आहे आणि १८६ परमनंट, दोन वेगळे अर्ज, दोन वेगळ्या फिया, दोन वेगळी नॉमिनेशन. आणि पगाराचा हिशोब त्या पोराने स्वतः माझ्यासमोर मोबाईलवर केला, ५,५०० गुणिले १२ म्हणजे वर्षाला ६६,०००. ४८२ च्या कोअर स्किल्स प्रकारात, म्हणजे शेफसारख्या यादीतल्या कामांसाठी, सरकारने कमीत कमी पगार ठरवून दिलाय, १ जुलै २०२५ ला तो वर्षाला ७६,५१५ डॉलर झाला, त्याच्या खाली नॉमिनेशन पासच होत नाही. म्हणजे ते लेटर खरं असतं तरी त्या पगारावर व्हिसा लागला नसता. तिकडे पगार महिन्यावर बोलतसुद्धा नाहीत, वर्षाचा आकडा सांगतात आणि हातात आठवड्याला किंवा पंधरवड्याला देतात. पेटीवर देवगड लिहिलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही हे आपल्याला कोणी शिकवायला लागत नाही, तीच नजर या कागदांवर का नाही टाकत आपण?

संपादक साहेब, अशा जाहिराती सगळ्याच पेपरांत येतात, आपल्याही येतात. म्हणून माझं पहिलं म्हणणं आपल्याकडेच आहे पण ते शेवटी सांगतो, आधी विषय नीट मांडतो कारण पोरांना खरी माहिती मिळत नाही म्हणून ती जाहिरातीमागे जातात.

आपल्या किनाऱ्याला परदेश नवीन नाही. रत्नागिरी, रायगडातल्या कितीतरी गावांतली घरं कुवेत-दुबईच्या पैशावर उभी आहेत, बोटीवर जाणारे आहेत, क्रूझवर जाणारे आहेत. पण आखातात आपल्या लोकांनी तीस तीस वर्षं काढली आणि नोकरी संपली की व्हिसा संपला, सामान बांधून गावी. त्यामुळे आपल्याकडे "व्हिसा आला" म्हणजे सगळं झालं अशी समजूत बसलीय, पुढचं काही विचारायचं असतं हेच डोक्यात येत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिसा आला म्हणजे सुरुवात झाली. तिथून पीआरपर्यंत जायची वाट कायद्याने दिलेली आहे, खरी आहे, मी त्याच वाटेने गेलोय, पण ती आपोआप होत नाही आणि तिची गॅरंटी एजंट काय, खुद्द मालकसुद्धा देऊ शकत नाही कारण शेवटचा निर्णय तिथल्या होम अफेअर्स खात्याचा असतो.

वाट कशी आहे ते थोडक्यात. मालक आधी सरकारकडे मान्यताप्राप्त स्पॉन्सर होतो, मग तुमच्या पोस्टचं नॉमिनेशन टाकतो, मग तुम्ही व्हिसा टाकता. ७ डिसेंबर २०२४ ला जुन्या ४८२ चं नाव बदलून स्किल्स इन डिमांड केलं, नंबर तोच ठेवला, अनुभवाची अट दोन वर्षांवरून एक वर्षावर आणली आणि कामांची एकच यादी केली, ४५६ कामं आहेत तिच्यात, शेफ आहे, मोटर मेकॅनिक आहे, वेल्डर आहे. मग या व्हिसावर स्पॉन्सरकडे काम करत गेल्या तीन वर्षांतली दोन वर्षं भरली की मालक तुमचं १८६ साठी नॉमिनेशन टाकू शकतो. टाकू शकतो म्हटलं, टाकायलाच पाहिजे असं नाही. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती आणि शॉर्ट टर्म यादीत काम असलं तर बहुतेकांना ही वाट बंदच होती, २५ नोव्हेंबर २०२३ पासून दोन वर्षं झाली आणि सगळ्यांना उघडली. ही चांगली गोष्ट झाली, किती जणांचे संसार त्याने मार्गी लागले ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आता पैशाचं, कारण आपल्याकडची घरं इथेच बुडतात.

स्पॉन्सर व्हायची फी, नॉमिनेशनची फी आणि ट्रेनिंगसाठीची जी लेव्ही, म्हणजे सरकारी आकारणी, असते, हे तिन्ही मालकाने भरायचं असतं. लेव्ही थोडीथोडकी नाही, वर्षाला एक कोटी डॉलरच्या खाली धंदा असेल तर ४८२ ला दर वर्षामागे १,२०० आणि १८६ ला एकदाच ३,०००, धंदा त्याहून मोठा असेल तर १,८०० आणि ५,०००. हे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, पगारातून कापायचे नाहीत, रोखीत मागायचे नाहीत, असा कायदा आहे. आणि स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे घेणं हा तिथे डिसेंबर २०१५ पासून गुन्हा आहे, घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पुढचं वाक्य एजंट कधीच सांगत नाही, पैसे देणाऱ्यालाही दंड होऊ शकतो आणि त्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे सोनं ठेवून, बाग लिहून देऊन तुम्ही जो व्यवहार करता तोच व्यवहार तुमचा व्हिसा घालवायला पुरेसा आहे. तुमच्या स्वतःच्या व्हिसाची फी, मेडिकल, आयईएलटीएस म्हणजे इंग्लिशची परीक्षा, स्किल असेसमेंट म्हणजे कामाच्या कौशल्याची तपासणी, आणि तुमचं काम करणाऱ्या एजंटची स्वतःची फी, एवढं तुम्ही द्यायचं. हा खर्चही लाखांत जातो, १८६ ची मुख्य अर्जदाराची फीच पाच हजार डॉलरच्या आसपास आहे आणि बायको-मुलांची वेगळी, पण प्रत्येक रुपयाची पावती मिळते. ज्याची पावती मिळत नाही तो पैसा द्यायचा नाही, एवढा एक नियम घराघरात पाळला तरी निम्मी फसवणूक थांबेल असं मला मनापासून वाटतं.

माझ्या बाबतीत काय झालं तेही सांगतो. माझ्या पहिल्या मालकाने मी रुजू झाल्यावर काही महिन्यांनी सुरू केलं, तुझ्यामागे एवढा खर्च झालाय, दर आठवड्याला थोडे थोडे रोख परत दे. पगार बँकेत बरोबर यायचा, पेस्लिपवर सगळं ठीक, आणि मग किचनच्या मागे कोल्डरूमच्या दारात उभं राहून नोटा परत द्यायच्या. माझ्याबरोबरचे दोघं देत होते. मी दिले नाहीत म्हणून माझे तास कमी केले, रोस्टरवर रविवार दुपारचीच शिफ्ट यायला लागली. तेव्हा नोकरी सुटली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला ६० दिवस मिळायचे आणि दुसऱ्याकडे गेलं की पीआरची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची, मालकांना हे पाठ असायचं, त्याच्यावरच तो सगळा खेळ चालायचा. मला दुसरी जागा मिळाली, मी गेलो, वर्षं पुन्हा मोजली. बाकीचे दोघं मोजायची हिंमत नव्हती म्हणून तिथेच राहिले, देत राहिले.

आज जाणाऱ्या पोरांची परिस्थिती त्याहून बरी आहे आणि हे त्यांना माहीत असायलाच हवं. १ जुलै २०२४ पासून ६० चे १८० दिवस झालेत, एकूण व्हिसाच्या काळात ३६५ पर्यंत, आणि त्या दिवसांत दुसरीकडे काम करायलाही चालतं. आणि डिसेंबर २०२४ पासून दोन वर्षांच्या हिशोबात कुठल्याही मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे केलेलं काम धरतात, मालक बदलला म्हणून मागचं वाया जात नाही. आता छळ सोसत बसायचं कारण उरलेलं नाही. फेअर वर्क ऑम्बुड्समन म्हणून तिथे कार्यालय आहे, पगाराच्या तक्रारी तिथे टेम्पररी व्हिसावालाही करू शकतो. पगार दिल्यापासून एका कामाच्या दिवसात पेस्लिप द्यायची असा तिथला नियम आहे, ती प्रत्येक पेस्लिप ईमेलमध्ये वेगळा फोल्डर करून ठेवा, बँकेचं स्टेटमेंट ठेवा, सुपर म्हणजे तिकडचा पीएफ, १ जुलै २०२५ पासून १२ टक्के आहे, तो जमा होतोय का ते स्वतः बघा. हेच कागद दोन वर्षांनी १८६ च्या फाइलला लागतात. मालकाकडे मागायला गेलात आणि तोपर्यंत संबंध बिघडले असले तर कोण देतोय.

आता आपल्या सिंधुदुर्गातल्या पोरांचा खास प्रश्न, अनुभवाचा पुरावा. आपली कितीतरी पोरं गोव्यात शॅकवर, छोट्या हॉटेलांत काम करतात. काम दमदार करतात, तंदूर सांभाळतात, सीझनला दिवसाला कितीतरी ताटं काढतात, पण पगार हातात, पीएफ नाही, सॅलरी स्लिप नाही, नोंदवहीत नावसुद्धा नाही. शॅक ऑक्टोबर ते मे, पावसात बंद, मग पोरगा गावी येऊन शेती बघतो नाहीतर मासळीवर जातो. अनुभव मात्र गेल्या पाच वर्षांतला निदान एक वर्ष फुल टाइम पाहिजे आणि तो कागदावर पाहिजे, हॉटेलच्या लेटरहेडवर पत्र, त्यात हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, नक्की काय काम करत होता ते, सही करणाऱ्याचं नाव आणि फोन, आणि सोबत बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, फॉर्म १६ नाहीतर पीएफचं पासबुक. आपल्या पासपोर्टवाल्यांना काही ट्रेडसाठी टीआरए म्हणजे ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाची स्किल असेसमेंट पण लागते. हे नसलं की एजंट म्हणतो काळजी नको, लेटर मी बनवून देतो. ते लेटर बनवू नका, हात जोडून सांगतो. खोटा कागद सापडला तर नुसता व्हिसा नाकारत नाहीत, तीन वर्षं बहुतेक व्हिसे बंद होतात, आणि ओळखीतच खोटेपणा असेल तर दहा वर्षं. व्हिसा खात्याचे लोक फोन करून विचारतात, हॉटेलवाल्याला विचारतात याने कुठल्या सेक्शनला काम केलं. खरं कौशल्य असलेला पोरगा खोट्या कागदामुळे बाद होतो, याच्यासारखं वाईट काही नाही.

म्हणून गोव्यातल्या आणि आपल्या मालवण-तारकर्लीकडच्या हॉटेलमालकांनाही विनंती आहे, पोरांचा पगार बँकेत टाका, महिन्याला एक साधी स्लिप द्या. तुमचं काय जातं? आणि पोरांनी सीझन संपला की पुढच्या सीझनची वाट बघत बसण्यापेक्षा बारा महिने चालणाऱ्या किचनला एक-दोन वर्षं काढावीत, भले पगार दोन-तीन हजारांनी कमी असो.

तिकडे गेल्यावर जिथे लोक अडखळतात त्या गोष्टी पण लिहितो, कारण या कुठल्याच जाहिरातीत नसतात.

एक तर रजा. दोन वर्षांच्या हिशोबात बिनपगारी रजा धरत नाहीत. आपल्या माणसाला चतुर्थीलाही यायचं असतं, शिमग्यालाही यायचं असतं, घरी कोणाचं लग्न असतं, आई आजारी पडते. भरपगारी रजा घेऊन आलात तर हरकत नाही, पण अनपेड लीव्हवर महिना-दोन महिने राहिलात तर तेवढी तारीख पुढे जाते. मी दोन चतुर्थ्या याच हिशोबाने चुकवल्या, व्हिडीओ कॉलवर आरती केली, आमच्या आईला ते अजून पटलेलं नाही. आणि १८६ टाकून झाल्यावर निकालाची वाट बघताना जुना व्हिसा संपला असेल तर तुम्ही ब्रिजिंग व्हिसा ए वर असता, त्यावर देशाबाहेर पडलात तर परत येता येत नाही, बाहेर पडायच्या आधी ब्रिजिंग व्हिसा बी काढायला लागतो. हे माहीत नसताना घाईघाईत विमान पकडलं तर माणूस इकडेच अडकतो.

मग बढती. ऐकायला विचित्र वाटेल पण बढतीमुळे पीआर लांबलेला आहे लोकांचा. शेफ म्हणून गेलात, मालक खूश झाला, रेस्टॉरंट मॅनेजर केलं, कार्ड छापलं, गावाला फोटो पाठवला. पण १८६ च्या या वाटेला काम त्याच गटातलं पाहिजे ज्यावर ४८२ लागला होता, शेफचा कोड वेगळा, मॅनेजरचा वेगळा. बढती घेऊच नका असं म्हणत नाही, घ्यायच्या आधी रजिस्टर्ड एजंटला विचारा एवढंच.

मालक धंदा विकतो हाही प्रकार होतो. स्पॉन्सरशिप दुकानाच्या पाटीला नसते, कंपनीला असते, मालक आणि कंपनी बदलली की नवीन माणसाने पुन्हा स्पॉन्सर व्हायचं, पुन्हा नॉमिनेशन टाकायचं. पाटी तीच, किचन तेच, भांडी तीच, पण तुमचा व्हिसा लोंबकळत. १८६ चा अर्ज पडून असताना धंदा बंद झाला तर अर्जही जातो. त्यामुळे नोकरी निवडताना पगाराइतकंच हेही बघायचं की धंदा किती वर्षं चाललाय, या मालकाने आधी कोणाला पीआरला नॉमिनेट केलंय का. मुलाखतीत सरळ विचारा. चांगला मालक सरळ उत्तर देतो. माझ्या दुसऱ्या मालकिणीने मला पहिल्याच बैठकीत सांगितलं, काम आवडलं तर नॉमिनेशन टाकेन, नाही आवडलं तर सहा महिने आधी सांगेन म्हणजे तुला दुसरीकडे बघता येईल. आणि तिने शब्द पाळला. अशीही माणसं आहेत तिकडे, फक्त वाईटच सांगायचं तर ते खोटं होईल.

इंग्लिशचं पण बोलायला पाहिजे. ४८२ ला आयईएलटीएस पाच बँडवर भागतं, १८६ ला चारही भागांत सहा-सहा लागतात, सरासरी सहा चालत नाही, आणि निकाल तीन वर्षांच्या आतला हवा. बोलण्यात, ऐकण्यात आपली पोरं किचनमध्ये राहून तयार होतात पण लिहिण्यात अडकतात, साडेपाच, परत साडेपाच. शिफ्ट संपवून रात्री साडेअकराला निबंध लिहायचा म्हणजे काय ते मी जाणतो. तिकडे जायच्या आधी इकडे वेळ असताना सहाची तयारी करून जा, ४८२ ला पाच पुरतात म्हणून पाचवर थांबू नका. बायकोचं इंग्लिश बेसिक आहे हे दाखवता आलं नाही तर तिच्या नावाचे ४,८९० डॉलर वेगळे भरावे लागतात, आणि ते वाचवायला कधीकधी तिच्या कॉलेजचं एक पत्र पुरतं की डिग्रीचं सगळं शिक्षण इंग्लिश माध्यमातून झालं. आमच्या हिचं बी.कॉम. होतं, कॉलेजच्या ऑफिसातून पत्र आणलं, काम झालं.

वयाचं तर कोणी बोलतच नाही. १८६ चा अर्ज टाकताना ४५ पूर्ण झालेले नसावे लागतात, थोडे अपवाद सोडले तर. आखातात पंधरा वर्षं काढून आलेला ४३ वर्षांचा माणूस विचारतो मी जाऊ का, त्याला ४८२ लागेल कदाचित, पण दोन वर्षं भरेपर्यंत पीआरचं दार बंद झालेलं असेल. त्याला हे आधी सांगणं हे माणुसकीचं काम आहे, एजंट ते करत नाही. शिवाय गेल्या दहा वर्षांत ज्या देशात एकूण बारा महिने राहिलात तिथलं पोलीस क्लिअरन्स लागतं, म्हणजे कुवेत-कतारचं पण, आणि ते इकडे बसून काढताना नाकी नऊ येतात. आखात सोडतानाच काढून आणा, निदान कसं काढायचं ते विचारून या.

अजून एक वाट आहे जिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, ४९४. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून बाकीच्या भागात, पर्थसुद्धा त्यात येतं, तिथला मालक पाच वर्षांच्या व्हिसावर घेतो आणि तीन वर्षं झाली की तुम्ही १९१ नंबरचा परमनंट व्हिसा स्वतः टाकता, दुसऱ्यांदा मालकाच्या नॉमिनेशनची गरज नाही. सुरुवातीला स्किल असेसमेंट आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो म्हणून लोक कंटाळा करतात. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे कागद नीट आहेत त्याने ही वाट आधी बघावी, कारण मालकाची मर्जी राखत बसायचं कारण राहत नाही आणि आपल्यासारख्या समुद्राकाठच्या माणसाला लहान गाव परकं वाटत नाही.

आणि एवढं सगळं करून मिळतं काय, तर मनावरचं ओझं उतरतं. नोकरी गेली तर देश सुटत नाही. सरकारी दवाखान्याचं मेडिकेअर कार्ड तर १८६ चा अर्ज टाकल्यावरच काढता येतं. चार वर्षांचं वास्तव्य आणि त्यातलं शेवटचं एक वर्ष पीआरवर झालं की नागरिकत्वाला अर्ज करता येतो, तो करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो म्हणून मी अजून ठरवलेलं नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त बरं कशाचं वाटलं तर मालकाने ओरडल्यावर पोटात जो गोळा यायचा तो यायचा बंद झाला.

आता आपल्याकडचं मागणं. परदेशी नोकरीची जाहिरात घेताना दोन नंबर मागा आणि जाहिरातीत छापा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा सल्ला देणाऱ्याकडे तिकडचा सात आकडी एमएआरएन म्हणजे मायग्रेशन एजंटचा नोंदणी नंबर असतो, अशा एजंटांची नोंद ठेवणाऱ्या ओएमएआरए या सरकारी कार्यालयाच्या वेबसाईटवर टाकून कोणीही फुकट तपासू शकतो. परदेशी नोकरीला माणसं भरणाऱ्याकडे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची यादी आहे, आणि भरती एजंटने कामगाराकडून घ्यायची सर्व्हिस फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्यावर नाही. दहा लाख कुठे आणि तीस हजार कुठे. मालकाचा ११ आकडी एबीएन, म्हणजे धंद्याचा नोंदणी नंबर, पण फुकट तपासता येतो, नाव आणि ठिकाण दोन्ही दिसतं, त्या पोराच्या लेटरवरच्या नावाने काही निघालं नाही. "पीआर गॅरंटीड" हे शब्द असलेली जाहिरात तर घेऊच नका, नंबर असला तरी, कारण जो खरा रजिस्टर्ड आहे तो असं लिहूच शकत नाही, त्यांच्या नियमात बसत नाही ते. जाहिरातीचं उत्पन्न बुडेल हे मला कळतं, पेपर चालवणं सोपं नाही, तरी मागतोय.

जिल्हा कौशल्य विकास केंद्राने आणि आयटीआय, हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला एक दिवस याच विषयाला द्यावा, कागद कसे जपायचे, नंबर कसे तपासायचे, पगाराचा आकडा कसा वाचायचा. शिकवायला तिकडून सुट्टीवर आलेली माणसं चतुर्थीत आणि मे महिन्यात गावोगावी असतात, कोणी बोलावलं तर येतील, मी येईन. आणि आपण पानावर जागा दिलीत तर वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवीन, व्हिसाचा सल्ला द्यायचा मला परवाना नाही म्हणून कोणाच्या फाइलवर बोलणार नाही, पण कोणता कागद कुठे तपासायचा ते सांगता येईल.

त्या पोराच्या घरी काल जाऊन आलो. सोनं अजून घरातच आहे. एजंटला त्याने एमएआरएन नंबर विचारलाय आणि तेव्हापासून एजंट फोन उचलत नाही. पोरगा आता गोव्यात बारमाही चालणारं आणि पगार बँकेत टाकणारं किचन शोधतोय. कोणाच्या हॉटेलात तंदूरवर जागा असेल तर आपल्या कार्यालयात कळवा, मी त्याच्यापर्यंत पोचवतो.

आपला,
एक शेफ, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव छापू नये)